ढोलाच्या मापाचं दार

दशरथ जावीर भर दुपारी बँडचा मोठा ढोल खांद्यावर घेऊन साइटवर आले, तेव्हा भिंती जेमतेम गुडघ्याएवढ्या आल्या होत्या. गवंडी झाडाखाली भाकरी खात होते. मी वाळूच्या ढिगावर बसून बादलीत थापी धूत होतो.

"अण्णा, कुणाची वरात?" मी विचारलं.

"गप. माणसं बघत्यात." त्यांनी ढोल हळूच खाली उतरवला आणि जागेच्या मधोमध येणाऱ्या भिंतीला टेकवून ठेवला. मग धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं. "हणमंता, टेप काढ. माप घे ह्येचं."

"ढोलाचं? कशाला?"

"आडवा न करता, तिरपा न करता, सरळ हातात धरून आरपार जाईल एवढं दार पायजे. हितं." त्यांनी चपलेच्या टोकानं त्याच भिंतीवर जागा दाखवली.

मी टेप खिशातून काढलीच नाही. कारण त्या भिंतीच्या पलीकडे त्यांचा धाकटा भाऊ पोपट याचं घर होणार होतं. दोघं भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते, आणि पोपटरावांनी ह्याच भिंतीबद्दल मला बजावून ठेवलं होतं, "मिस्त्री, तिकडनं क्लारनेटचा सूरसुदीक ऐकू येता कामा नये. घर कसं बी बांधा, पण तेवढं एक मागणं पाळा."

जावीरांचा सुस्वर ब्रास बँड तासगावात जुना. वडिलांनी, म्हणजे आबांनी, काढलेला. थोरला क्लॅरिओनेट वाजवायचा, धाकटा गळ्यात मोठा ढोल घालून ठेका धरायचा. आबा गेल्यावर पोपटरावांच्या मनात कॅसिओ, म्हणजे विजेवरची पेटी, आणि स्पीकरची गाडी घ्यायचं आलं. अण्णा म्हणाले, असल्या डबड्याबरोबर मी वाजवणार नाही. एका वरातीत पोपटरावांनी न विचारता कॅसिओ आणून उभा केला. अण्णांनी क्लॅरिओनेट काखेत मारलं आणि नवरदेवाच्या घोड्यासमोरून सरळ घरचा रस्ता धरला. पोपटरावांनी गळ्यातला ढोल काढून त्यांच्या ओट्यावर नेऊन आपटला. पुढच्याच आठवड्यात 'न्यू सुस्वर बँड' अशी पाटी रंगवून झाली.

आबांची जागा म्हणजे लांबट पट्टी. मधे दोन वेगळ्या भिंती घातल्या असत्या तर दोघांची स्वयंपाकघरं त्यात गेली असती. म्हणून सामाईक भिंत एवढ्या एकाच गोष्टीवर भावांचं एकमत झालं होतं, तेसुद्धा माझ्या तोंडून. रोज अकराला मला दोन चहा येत. एक अण्णांच्या हौसावहिनींचा, एक पोपटरावांच्या कलावतीचा. दोन्ही प्यावे लागत. एकाचा कप अर्धा राहिला तर तिकडे विचारणा होई, चहात काय कमी होतं का.

"अण्णा," मी म्हटलं, "ह्या भिंतीत दार ठेवलं तर पोपटराव मला त्याच दारातून बाहेर फेकतील."

"आज कुठं दार ठेव म्हणतोय? भिंतीत ठेव. वर लिंटल घाल, खाली विटा भर, वरनं गिलावा कर. दिसायला भिंत. म्होरं कधी लागलंच, तर विटा काढल्या की झालं दार."

"आणि नाही लागलं तर?"

"तर भिंत हायच की."

मी ढोलाकडे पाहिलं. "पण माप ढोलाचं का?"

अण्णांनी ढोलाच्या चामड्यावरची धूळ तळव्यानं झाडली. "आबांनी ह्यो पोपटाच्या गळ्यात घातला, तवा त्यो ढोलामागं दिसत बी नव्हता. नुसतं दोन पाय चालल्यागत वाटायचं. आता रागानं माझ्या ओट्यावर टाकून गेलाय. पर ढोल त्येचा हाय. कधीतरी नेईलच. गावाला दावत रस्त्यानं नेण्यापरास घरातल्या घरात नेलेला बरा."

मग त्यांनी मला शपथ घातली, माझ्या आईची. "त्येला कळलं तर मधी बोळ सोडंल, सैपाकघर घालवंल, पर दार ठेवू देणार न्हाय."

धंद्यात मी एक गोष्ट शिकलो होतो. पायाच्या वेळी घरमालक जे बोलतो ते मनावर घ्यायचं नसतं. फक्कीच्या रेघा मारून आखणी दाखवली की जो तो घाबरतो, "एवढीशी खोली? यात खाट तरी मावंल का?" भिंती चढल्या की तोच माणूस दारात उभा राहून म्हणतो, "मिस्त्री, जरा मोठंच झालं की ओ!" म्हणून मी हो म्हणतो आणि आपल्या मापानं बांधतो. पण अण्णांचं बोलणं तसलं नव्हतं. मी टेप काढली आणि ढोल मोजला.

लिंटलचं, म्हणजे दारावरच्या आडव्या तुळईचं, काही अवघड नव्हतं. गवंड्यांना सांगितलं, इथं स्लॅबचा भार येतोय, एक लिंटल लागेल, तोवर खालच्या विटा काढून जागा मोकळी ठेवा. खालचा भाग मात्र मी बाजारच्या दिवशी, साइटवर कुणी नसताना, स्वतः भरला. ठेकेदार झाल्यापासून माझ्या हातात थापी फक्त चुका दाखवण्यापुरती यायची. त्या दिवशी मी आमच्या वस्तादांची थापी काढली. तिचं पातं एका बाजूनं झिजून तिरकं झालेलं, मूठ माझ्या तळव्याच्या आकाराची. विटा सिमेंटात न लावता मातीत लावल्या, म्हणजे उद्या हातानं निघाव्यात. दोन्ही बाजूंनी विटा उभ्या ठेवल्या आणि मधे पोकळ सोडलं, म्हणजे काढताना ओझं कमी. दुसऱ्या दिवशी गिलावा झाला. मीच ओळखू शकलो नसतो, इतकी भिंत एकसारखी दिसली. मला स्वतःचं कौतुक वाटलं. पोकळ जागेतून आवाज कसा जातो, हे त्या कौतुकात सुचलंच नाही.

वास्तुशांत झाली आणि काही दिवसांतच सकाळी सकाळी पोपटराव माझ्या दारात.

"चला."

"अहो, चहा तरी..."

"चहा ऱ्हाऊ द्या. भिंत बघायला चला."

त्यांच्या पुढच्या खोलीत मला उभं करून त्यांनी बोटाच्या पेरांनी भिंत वाजवायला सुरुवात केली. "हितं ऐका. ठस्स. हितं? ठस्स. आता हितं." त्यांचा हात बरोबर त्या जागेवर आला. "ढप! काय हाय ह्ये? भिंत हाय का ढोल?"

ढोल वाजवणाऱ्या माणसाला पोकळ आणि भरीव शिकवायचं नसतं.

"तिकडं अण्णा दम घेतोय तो बी ऐकू येतोय मला! एकच मागणं घातलं हुतं तुमाला, मिस्त्री. एकच!"

पोटात शपथ होती, काय सांगणार? "गवंड्यांनी गडबड केली असेल," मी पुटपुटलो. "उद्या माणसं पाठवतो. फोडून पक्की भरून देतो."

"उद्या नगं. उद्या सराव हाय."

"मग परवा?"

"लग्नसराई संपू द्या."

लग्नसराई संपली, मी माणसं घेऊन गेलो. पोपटराव म्हणाले, घरात पाव्हणे आहेत. पुढच्या वेळी म्हणाले, नुकताच रंग दिलाय, खराब होईल. भिंत भरून घ्यायला हा माणूस तयार होईना, आणि गावात मात्र बोंब मारायची सोडेना. पानपट्टीवर, सलूनमध्ये, लग्नाच्या मांडवात एकच, "हणमंता मिस्त्रीची भिंत म्हंजे पापड. शेजारचा शिंकला की आपल्या घरात पदर धरायचा तोंडावर." एका गुरुजींनी माझ्याकडे ठरवलेलं घर दुसऱ्याला दिलं. भेटले तेव्हा संकोचून म्हणाले, "तसं काही नाही हो, पण घरात मुलांचा अभ्यास असतो."

मी तावातावानं अण्णांकडे गेलो. "तुमच्या दारापायी माझं नाव मातीत चाललंय. एक तर शपथ सोडवा, नाहीतर मी ती जागा सिमेंटानं भरतो."

अण्णा खुर्चीत बसून क्लॅरिओनेटची पत्ती जिभेनं ओली करत होते. "सोस जरा," ते म्हणाले. "तुझी बाकीची घरं बोलत्यात की तुझ्या बाजूनं."

त्या दिवशी हातात पहार असती तर मी ती भिंत तिथंच आडवी केली असती. पण हौसावहिनींनी चहा आणला, मागोमाग परसदाराच्या कंपाउंडवरून कलावतीची हाक आली, मिस्त्री आलेत म्हणं, आमचा चहा कुणी प्यायचा? मी दोन्ही चहा प्यायलो आणि घरी आलो.

अशी बरीच वर्षं गेली. वरातींत डीजे आले. कॅसिओ मागे पडला, ब्रास बँड त्याच्याही आधी मागे पडला होता. 'सुस्वर' आणि 'न्यू सुस्वर', दोन्ही पाट्यांचे रंग उडाले. माझी घरं उभी राहत गेली, नावही सावरलं. त्या भिंतीचा राग मात्र पोटात होता तसाच होता.

आणि एक दिवस पोपटराव पुन्हा माझ्या दारात उभे. केस पांढरे, अंगानं उतरलेले.

"मिस्त्री, भिंत बघायला चला."

माझं डोकं फिरलं. "पोपटराव, आता काय राहिलंय त्या भिंतीचं?"

"आवाज येईना."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "काय?"

"तिकडनं आवाज येईना झालाय. बरंच दिवस झालं."

"मग पेढे वाटा की! तेच पाहिजे होतं तुम्हाला."

ते हसले नाहीत. टोपी काढून हातात फिरवत राहिले. "तसं न्हवं. भिंतीत कायतर बिघाड हाय."

"भिंतीत बिघाड होऊन आवाज बंद पडत नसतो."

"तुमच्या भिंतीचं काय सांगावं," ते म्हणाले. पण बोलण्यात नेहमीची धार नव्हती. मी चप्पल घातली.

त्यांच्या खोलीत शिरलो आणि प्रथमच नीट पाहिलं. चहूकडे सामान खच्चून भरलेलं. कपाट, टीव्ही, बँडचे जुने लाल कोट, स्पीकरचे खोके, देवाचे फोटो. त्या एका जागी मात्र काही नव्हतं. साधं कॅलेंडर लावायला खिळासुद्धा नव्हता. खाली एक पाट ठेवलेला, आणि पाटावर बसलेल्या माणसाचा हात जिथं पोचेल तिथं भिंतीवर तळव्याएवढा डाग. बाकीच्या भिंतीला रंग होता, तेवढी जागा काळपट, गुळगुळीत झाली होती.

"हे काय झालंय इथं?" मी विचारलं.

"कुठं काय? ओल असंल." ते दुसरीकडे बघू लागले. "तुमी असं करा, त्या बाजूनं बघून या. मी हितंच थांबतो."

मी वळसा घालून अण्णांच्या दारात गेलो. हौसावहिनींनी आत जायची खूण केली. अण्णा खुर्चीत बसले होते, तोंडावर पंचा धरून. खुर्चीचं तोंड भिंतीकडे. आणि त्या बाजूलाही तेवढी भिंत मोकळी.

"अण्णा, काय झालं?"

त्यांनी पंचा बाजूला केला. तोंडात एकही दात नव्हता. गाल आत गेलेले. "शगळं काढलं," ते म्हणाले, आणि स्वतःच्याच बोलण्याची त्यांना लाज वाटली. पुढचं त्यांनी थांबत थांबत सांगितलं. हिरड्या सडल्या होत्या. कवळी बसेल, पण क्लॅरिओनेट वरच्या दातांवर तोललं जातं, कवळीवर ते धरत नाही. त्यांच्या ओळखीच्या दोघा वाजवणाऱ्यांचं तसंच झालेलं.

"तू कशाला आलास?"

"पोपटरावांनी पाठवलंय. भिंत बघायला."

"काय म्हंतोय?"

"आवाज येत नाही म्हणतात."

अण्णा हसायला लागले. बोळक्या तोंडानं, आवाज न करता, खांदे हलवत हसले. मग पंचा पुन्हा तोंडावर गेला आणि या वेळी त्यांनी तो डोळ्यांपर्यंत वर नेला.

"हणमंता," जरा वेळानं ते म्हणाले, "मी रोज भिंतीकडं तोंड करून कुणासाठी वाजवत हुतो? वराती कवाच संपल्या. मी सुरू केलं की तिकडनं ठेका यायचा. भिंतीवर, बोटांनी. पहिल्या दिसापासनं. मी चुकलो की ठेका थांबायचा. मग मी परत पयल्यापासनं धरायचो."

मी खाली बसलो. त्या काळपट डागाचा अर्थ आता मला लागला. लग्नसराई, पाव्हणे, नवा रंग, सगळ्या सबबींचा अर्थ लागला. ते दोघं इतकी वर्षं भिंतीआडून एकत्र वाजवत होते आणि गावभर बदनाम मी! राग यायला हवा होता. पण खरं सांगायचं तर मला त्या भिंतीचा अभिमानच वाटला. इतकी घरं बांधली, पण असं काम माझ्या हातून दुसरं झालं नव्हतं.

"मग दात गेले हे त्यांना कळवायचं की, अण्णा."

"कसं कळवू? मी बोलत न्हाय त्येच्याशी."

"दार काढू का?"

ते भिंतीकडे बघत राहिले. हौसावहिनी दारातूनच म्हणाल्या, "आता कशाची वाट बघताय? दोगांची लाकडं मसणात गेल्यावर दार काढणार हाय का?"

अण्णांनी माझ्याकडे न बघता मान हलवली. "शपथ सुटली तुझी. पर त्येला इचार. त्येच्या बाजूनं पयली वीट त्येनं काढली तर."

मी परत वळसा घातला. पोपटराव पाटावर बसले होते.

"काय बिघाड हाय?"

"भिंत चांगली आहे. अण्णांचे दात गेलेत."

"किती?"

"सगळे."

त्यांचा हात आपोआप त्या डागावर गेला आणि तिथंच राहिला. क्लॅरिओनेटचं काय, हे त्यांनी विचारलं नाही. त्यांना ते माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

"पोपटराव, तुम्ही हात ठेवलाय ना, तिथं दार आहे."

"कुठं?"

"तिथंच. वर लिंटल आहे. खाली नुसत्या मातीत लावलेल्या विटा."

ते उठून उभे राहिले. भिंत वर-खाली न्याहाळली. "कुणी ठेवाय सांगितलं?"

"अण्णांनी. पाया भरला तेव्हाच. तुमचा ढोल सरळ जाईल एवढं ठेव म्हणाले. तुम्ही कधीतरी न्यायला याल म्हणून."

त्यांनी डागावरून पुन्हा एकदा तळवा फिरवला. मग एकदम माझ्यावर उखडले. "आणि मी गावभर तुमाला नावं ठेवत हिंडलो, तवा बोलायला काय झालं हुतं तुमाला?"

"आईची शपथ होती."

त्यांचा चेहरा वेडावाकडा झाला. त्यांनी माझा दंड धरला, सोडला, पुन्हा धरला. मग म्हणाले, "थापी हाय?"

थापी माझ्या गाडीच्या पिशवीत कायम असते. वस्तादांचीच. कलावतीनं धावत येऊन टीव्हीवर चादर टाकली. मी छन्नीनं गिलाव्यात चौकोन पाडला, थापीचं झिजलेलं टोक फटीत घातलं आणि बाजूला झालो. पोपटरावांनी दोन्ही हातांनी पहिली वीट ओढली. ती जराही कुरकुर न करता बाहेर आली. मागोमाग दुसरी, तिसरी. आतली पोकळी दिसली तेव्हा पलीकडच्या विटांवर ठकठक ऐकू आली. अण्णा तिकडून वाजवत होते.

पोपटराव थांबले. मग त्यांनी पलीकडची वीट तळव्यानं आत ढकलली.

भोकातून अण्णांचं तोंड दिसलं. गिलाव्याची भुकटी भुवयांवर पडलेली. दोघं भाऊ हातभर अंतरावरून एकमेकांकडे बघत उभे.

"दात दाव," पोपटराव म्हणाले.

अण्णांनी तोंड उघडलं.

"आबांगत दिसतोयस."

बाकीच्या विटा त्या दोघांनीच काढल्या. मला हात लावू दिला नाही. मग अण्णा आत गेले आणि ढोल घेऊन आले. चामडं नवं होतं, दोऱ्या ताणून बांधलेल्या. न वाजणाऱ्या ढोलाची इतकी वर्षं कुणी निगा राखतं का? त्यांनी तो सरळ हातात धरला आणि दारातून पुढे केला. आडवा नाही, तिरपा नाही. दोन्ही बाजूंना बोटभर जागा उरली. पोपटरावांनी मान खाली घालून तो गळ्यात घेतला.

सवयीनं अण्णांनी खुंटीवरचं क्लॅरिओनेट काढून ओठांना लावलं. नुसती हवा निघाली. त्यांनी ते खाली घेतलं.

"ठिवू नगस," पोपटराव म्हणाले. "बोटं चालव."

"आवाज कुठाय आता?"

"बोटं चालव म्हंतोय ना."

अण्णांनी क्लॅरिओनेट पुन्हा ओठांशी धरलं. त्यांची बोटं चालायला लागली. पोपटराव त्या बोटांवर नजर ठेवून, काठी न घेता, पेरांनीच ढोलावर ठेका धरू लागले. मला फक्त ठेका ऐकू येत होता. हौसावहिनी आणि कलावती मात्र दोन बाजूंना उभ्या राहून एकाच लयीत माना हलवत होत्या. कोणतं गाणं चाललंय ते त्या घरात माझ्याशिवाय सगळ्यांना ऐकू येत होतं.

मधेच ठेका थांबला.

"चुकलास," पोपटराव म्हणाले.

"ठावं हाय. तितंच चुकतोय मी. कायम."

"मला बी ठावं हाय. पयल्यापासनं घे."

अण्णा बोळकं पसरून हसले आणि बोटं परत जागेवर ठेवली. विटांचा ढीग ओलांडून मी थापी पुसली, टेप काढली आणि विचारलं, "चौकटीचं माप घेऊन ठेवू का? उद्या सुताराला सांगतो."

दोघांपैकी कुणीही मागे वळून पाहिलं नाही. पोपटरावांनी ढोलावरचा एक हात तेवढा वर केला.

"उद्या नगं, मिस्त्री. सराव हाय."